इंग्रजी जहाजांचं पुस्तक वापरून मराठी पंचांग काढणारे केरूनाना छत्रे, आणि तुमच्या मोबाईलमधली सी लायब्ररी

जानेवारी लागला की सोलापुरात सगळ्यांच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो. १३ तारखेला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, १४ ला होम, १५ ला शोभेचं दारूकाम. ग्रामदैवत सिद्धेश्वराची ही गड्डा यात्रा मकर संक्रांतीला धरून चालते. नोकरीसाठी पुण्याला गेलेली पोरं त्या आठवड्याची सुट्टी आधीच टाकून ठेवतात.

पण संक्रांत १४ जानेवारीलाच येते, हे ठरवतं कोण?

पंचांग, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. त्यात महाराष्ट्रात घरोघरी दिसणारं, शंभरी ओलांडलेलं दाते पंचांग आमच्या सोलापुरातूनच निघतं, त्यामुळे या विषयावर सोलापूरकर जरा जास्तच हक्काने बोलतो. पण हल्ली भिंतीवरच्या खुंटीला टांगलेलं पंचांग काढायच्या आधी हात मोबाईलकडे जातो. ॲप उघडायचं, तारीख टाकायची, की तिथी, नक्षत्र, सूर्योदय सगळं एका सेकंदात समोर.

त्या एका सेकंदात आत काय होतं?

ॲप जावामध्ये लिहिलेलं असेल, पायथनमध्ये असेल, नाहीतर जावास्क्रिप्टमध्ये. पण चंद्र आणि सूर्य त्या क्षणाला आकाशात नेमके कुठे आहेत, हे गणित ॲप बनवणाऱ्याने बहुतेक वेळा स्वतः लिहिलेलंच नसतं. ज्योतिषाची कित्येक सॉफ्टवेअर त्यासाठी सी भाषेतल्या एका तयार लायब्ररीला हाक मारतात. तिचं नाव स्विस इफेमेरिस. स्वित्झर्लंडच्या अ‍ॅस्ट्रोडाइन्स्ट कंपनीतल्या डीटर कॉख आणि अलोइस ट्राइंडल यांनी ती बनवली आणि १९९७ मध्ये ती पहिल्यांदा बाहेर आली. आपली भाषा वेगळी, लायब्ररीची भाषा वेगळी, तरी ती पुन्हा लिहायची नाही. आहे तशी वापरायची.

आता गंमत बघा. कॉम्प्युटरचा मागमूस नव्हता तेव्हा, १८६५ साली, पुण्यातल्या एका मराठी प्राध्यापकाने पंचांगासाठी नेमकं हेच केलं होतं. त्याआधी पाच वर्षं त्यांनी याच्या उलटही करून पाहिलं होतं. त्यांचं नाव केरो लक्ष्मण छत्रे. लोक त्यांना केरूनाना म्हणायचे, कुणी केरोपंत.

नागावचा मुलगा कुलाब्याच्या वेधशाळेत

केरूनानांचा जन्म १८२५ चा, अलिबागजवळच्या नागावचा. शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. तिथे त्यांना शिकवायला होते प्राध्यापक ऑर्लेबार आणि दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर. त्या काळात मुंबईतल्या मराठी मुलाला गणित शिकायला याहून चांगले गुरू मिळणं अवघड होतं. ऑर्लेबार आणि बाळशास्त्री या दोघांचाही कुलाब्याच्या वेधशाळेशी संबंध होता, आणि केरूनानाही कोवळ्या वयातच तिथे कामाला लागले.

वेधशाळेतलं काम म्हणजे दुर्बिणीतून चांदण्या बघत बसणं, असं वाटत असेल तर तसं नव्हतं. हवेचा दाब, तापमान, चुंबकसुईची हालचाल, सगळं ठरलेल्या वेळेला बघायचं आणि वहीत उतरवायचं. रात्र असो, पाऊस असो. कंटाळवाणं काम. पण यातून माणसाला एक सवय लागते. पुस्तकात लिहिलेला आकडा आणि समोर दिसणारा आकडा जुळला नाही, तर चूक पुस्तकाची धरायची.

१८५१ मध्ये ते पुण्याला आले. पुणे कॉलेज, जे पुढे डेक्कन कॉलेज झालं, तिथे त्यांनी गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवलं. मराठीत अंकगणिताचं आणि पदार्थविज्ञानाचं पुस्तक लिहिलं. लोकमान्य टिळक आणि आगरकर त्यांच्या हाताखाली शिकले, आणि टिळकांच्या गणिताच्या वेडामागे केरूनाना होते असं मानलं जातं. सूर्यावरचे डाग आणि पाऊसमान यांचा काही संबंध आहे का, याचाही ते माग काढत होते. सरकारने त्यांना रावबहादूर केलं. हे सगळं त्यांच्या कुठल्याही चरित्रात सापडतं, म्हणून पटकन सांगून टाकलं. आपल्याला पाहिजे ती गोष्ट पंचांगाची आहे.

साडेतीनशे वर्षं न बदललेला कोड

तेव्हा महाराष्ट्रातलं पंचांग बनायचं ग्रहलाघव या ग्रंथावरून. मुरुडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी तो १५२० मध्ये लिहिला. हा माणूस अफाट हुशार होता. ग्रहगणितात त्रिकोणमितीची किचकट आकडेमोड लागते, ती त्यांनी पूर्ण काढून टाकली आणि नुसत्या गुणाकार-भागाकारावर भागेल अशा युक्त्या बसवल्या. दिवसांची मोजणी प्रचंड मोठी होऊ नये म्हणून ४०१६ दिवसांचं, म्हणजे साधारण ११ वर्षांचं चक्र केलं. खेडेगावातला जोशीबुवा पाटीवर ग्रह काढू शकेल इतकं ते सोपं झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर हलका, वेगवान, कुठेही चालणारा कोड.

पण त्या कोडमध्ये १५२० नंतर सुधारणाच झाली नाही.

कुठल्याही ग्रहगणितात सुरुवातीला धरलेल्या गतीत बारीकशी चूक असते. दहा वर्षांत ती दिसत नाही. साडेतीनशे वर्षांत ती वाढत वाढत डोळ्यावर येते. चंद्राचं दुखणं आणखी वेगळं आहे. सूर्याच्या ओढीमुळे त्याची चाल सतत मागेपुढे होते, आणि जुन्या रीतीत त्यातले काही मोठे फरक धरलेलेच नव्हते. परिणाम काय? पंचांगात ग्रहण एका वेळेला, आकाशात दुसऱ्या वेळेला. तिथीच्या आरंभात तर कधीकधी काही तासांचा फरक.

तिथी म्हणजे काय, हे इथेच बघून घेऊ. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपली. बस, एवढंच. चंद्राच्या अंशांतून सूर्याचे अंश वजा करा, १२ ने भागा. चतुर्थी असो की एकादशी, सगळ्याच्या मुळाशी ही एक वजाबाकी. पण वजाबाकी करायला चंद्र आणि सूर्य नेमके कुठे आहेत ते कळलं पाहिजे, आणि सगळा घोळ तिथेच होता.

आधी केलं पोर्ट

१८६० मध्ये केरूनानांचं ग्रहसाधनाची कोष्टकें हे पुस्तक आलं. युरोपातल्या खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहांच्या गतीची नवी, अचूक कोष्टकं तयार केली होती. केरूनानांनी त्या नव्या गणिताच्या आधारे मराठीत कोष्टकं मांडली, आपल्या पंचांगकर्त्याला वापरता येतील अशा पद्धतीने. मोठं कष्टाचं काम. एक आकडा चुकला तर पुढची सगळी गणितं चुकणार.

प्रोग्रामर ज्याला पोर्ट करणं म्हणतात, ते हेच. एका भाषेतलं काम उचलायचं आणि दुसऱ्या भाषेत नव्याने बांधायचं. याचा फायदा असा की एकदा बांधलं की ते तुमचं. कुणावर अवलंबून राहायला नको. तोटाही तिथेच आहे. ज्या दिवशी तुम्ही ते बांधून संपवता, त्या दिवशी ते गोठतं. मूळ ठिकाणी काही सुधारणा झाली तर ती तुमच्यापर्यंत आपोआप येत नाही.

आणि सुधारणा झालीच, तीही लगेच. लंडनहून दरवर्षी नॉटिकल अल्मनॅक नावाचं सरकारी पुस्तक निघायचं. १७६७ सालापासून ते चालू होतं. भर समुद्रात जहाज कुठे आहे हे खलाशाला कळावं म्हणून त्यात वर्षभरातल्या सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या जागा आधीच मोजून छापलेल्या असायच्या. १८६२ च्या अंकापासून या पुस्तकाने चंद्रासाठी हॅन्सन या खगोलशास्त्रज्ञाची नवी, जास्त अचूक कोष्टकं वापरायला सुरुवात केली. ते पुस्तक वापरणाऱ्या प्रत्येक खलाशाला, बोट न हलवता, जास्त बरोबर चंद्र मिळाला. १८६० साली छापलेल्या कोष्टकांत मात्र ही सुधारणा आपोआप शिरणार नव्हती.

मग केला कॉल

१८६५ मध्ये, म्हणजे शके १७८७ मध्ये, केरूनानांनी नवं पंचांग काढलं. पाठीशी होते आबासाहेब पटवर्धन, म्हणून याचं नाव पडलं पटवर्धनी पंचांग. आणि या पंचांगातल्या ग्रहांचा आधार होता नॉटिकल अल्मनॅक.

म्हणजे चंद्र-सूर्य मोजायचे कुणी? लंडनमधल्या त्या कार्यालयात बसलेल्या गणितज्ञांनी. त्यांना तिथी माहीत नव्हती, एकादशी माहीत नव्हती, आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. ते जहाजांसाठी काम करत होते. केरूनानांनी त्यांचं उत्तर घेतलं आणि त्याचं पंचांग केलं.

पण उत्तर घेतलं आणि छापलं, इतकं ते सरळ नव्हतं. नॉटिकल अल्मनॅकमधली वेळ ग्रीनिचची. तिथे दुपारचे १२ वाजतात तेव्हा पुण्याच्या स्थानिक वेळेनुसार संध्याकाळचे ४ वाजून ५५ मिनिटं झालेली असतात. सोलापुरात आणखी आठेक मिनिटं पुढे. त्यांचा दिवस घड्याळाच्या बाराला सुरू होतो, आपली तिथी सूर्योदयाला बघतात. ते अंश आणि तासात बोलतात, पंचांग घटिका आणि पळांत. त्यांची राशीची मोजणी वसंतसंपातापासून, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूपासून. आपली मोजणी ताऱ्यांपासून. या प्रत्येक जोडावर काळजीपूर्वक रूपांतर करावं लागतं. एक जोड विसरलात की लंडनचं अचूक गणित पुण्यात येऊन चुकीचं ठरतं.

आता मोबाईलकडे परत येऊ, कारण तिथेही जशीच्या तशी हीच कथा आहे.

सी लायब्ररी म्हणजे आधीच मशीनच्या भाषेत रूपांतर होऊन तयार झालेली फाईल. विंडोजवर तिच्या नावाला डीएलएल जोडलेलं असतं, लिनक्सवर एसओ. आत वेगवेगळी फंक्शन बसलेली असतात. पायथनचा प्रोग्राम अशी फाईल उघडू शकतो, आतलं फंक्शन नावाने शोधू शकतो आणि त्याला कामाला लावू शकतो. पायथनमध्ये सीटाइप्स नावाची सोय यासाठीच आहे. दुसरा मार्ग म्हणजे मधे एक पातळ थर लिहायचा, जो एका बाजूला पायथन बोलतो आणि दुसऱ्या बाजूला सी. याला रॅपर म्हणतात. स्विस इफेमेरिसचा पायथनसाठीचा असा रॅपर आहे, त्याचं नाव पायस्विसेफ.

मग पायथनमधून ग्रह काढायचा म्हणजे काय करायचं? लायब्ररीला तीन गोष्टी सांगायच्या. कुठला क्षण, कुठला ग्रह, कुठल्या पद्धतीने. क्षण सांगायचा तो ज्युलियन दिवसात, म्हणजे एका ठरलेल्या प्राचीन दिवसापासून आजवर किती दिवस झाले तो आकडा. आपल्या जुन्या गणितात याला अहर्गण म्हणतात, कल्पना तीच. ग्रहाला नंबर दिलेला आहे, सूर्य शून्य, चंद्र एक. उत्तरात सहा आकडे येतात, त्यातला पहिला म्हणजे तो ग्रह किती अंशावर आहे ते. दोनदा विचारलं, वजाबाकी केली, १२ ने भागलं, तिथी तयार. वीसेक ओळींचं काम.

त्या वीस ओळींमागे लायब्ररीच्या पोटात काय आहे? अमेरिकेच्या नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, जिने अंतराळयानं पाठवली, तिने जवळपास ३० हजार वर्षांसाठी मोजलेल्या ग्रहांच्या जागा. मूळ डेटा दोन-तीन जीबीचा. तो दाबून दाबून शंभर एमबीच्या आसपास बसवलेला आहे. हे सगळं पायथनमध्ये नव्याने लिहायला बसलात तर किती महिने जातील? आणि लिहून झाल्यावर ते बरोबर आहे हे कशावरून?

जावासाठी एकाने खरोखरच ही लायब्ररी पूर्ण पोर्ट केली. थॉमस माक त्याचं नाव. ती चालते, लोक वापरतात. पण मूळ सी लायब्ररीत बदल झाला की पोर्ट करणाऱ्याला तो पुन्हा हाताने उतरवावा लागतो. १८६० च्या पुस्तकाची अडचण अशी पुन्हा समोर येते. म्हणून बहुतेक जण कॉल करतात.

अर्थात कॉल करण्यातही धोके आहेत, ते कुणी आधी सांगत नाही. सी भाषा विश्वासावर चालते. लायब्ररीला दशांश आकडा हवा असेल आणि सीटाइप्स वापरताना तुम्ही प्रकार नीट सांगितला नाही, तर ती तक्रार न करता भलतंच उत्तर देऊ शकते. चुकीच्या जागेवर लिहिलं गेलं तर अख्खा प्रोग्राम जागच्या जागी बंद पडतो, पायथनसारखा सभ्य एरर वगैरे काही नाही. विंडोजसाठी बनलेली फाईल अँड्रॉइडवर चालत नाही, प्रत्येक यंत्रासाठी वेगळी तयार करावी लागते. आणि वेळेचा जोड! लायब्ररी अजूनही ग्रीनिचचीच वेळ मागते. भारताची साडेपाच तासांची वजाबाकी विसरलात तर चंद्र-सूर्यातलं अंतर जवळजवळ तीन अंशांनी हुकतं, म्हणजे पाव तिथी. सकाळची चतुर्थी दुपारवर गेली म्हणून समजा. नवशिक्याची ही अगदी नेहमीची चूक आहे.

लोकांनी स्वीकारलं का?

नाही. निदान केरूनानांच्या हयातीत तरी पटवर्धनी पंचांग फार थोड्या लोकांनी वापरलं.

पहिला आक्षेप तिथ्यांवर होता. जुन्या समजुतीप्रमाणे तिथी साधारण ६० घटिकांची, ती वाढली तर जास्तीत जास्त ५ घटिकांनी आणि घटली तर ६ घटिकांनी. म्हणजे ५४ घटिकांहून लहान तिथी असूच शकत नाही. आकाश मात्र हा नियम पाळत नाही. चंद्र जोरात असतो तेव्हा तिथी ५० घटिकांपर्यंत, म्हणजे जेमतेम २० तासांपर्यंत आखडते. नव्या पंचांगात अशा तिथ्या दिसणारच. शास्त्रात न बसणारी तिथी धरून श्राद्ध कसं करायचं, हा प्रश्न त्या काळच्या घरात खराखुरा होता. आज आपण त्याला हसू शकतो, पण ज्याच्या वडिलांचं श्राद्ध चुकीच्या दिवशी होणार होतं, त्याला हसू आलं नसणार.

दुसरा वाद जास्त खोल होता, आणि तो गणिताचा नव्हताच. तो होता शून्याचा.

राशिचक्र वर्तुळ आहे. वर्तुळाला सुरुवात नसते, ती आपण ठरवायची. नॉटिकल अल्मनॅक वसंतसंपातापासून मोजतो. आपलं निरयन पंचांग ताऱ्यांमधल्या एका ठरावीक बिंदूपासून. या दोन आरंभांमधलं अंतर म्हणजे अयनांश, आणि ते दरवर्षी ५० विकलांनी वाढत जातं. ग्रहलाघवाच्या हिशेबाने शके १७८७ मध्ये अयनांश होते २२ अंश २३ कला. केरूनानांनी रेवती नक्षत्राचा योगतारा, ज्याला पाश्चात्त्य नकाशात झीटा पिशियम म्हणतात, तो आरंभ धरला. त्यावरून अयनांश आले साधारण १८ अंश.

फरक फक्त चार-साडेचार अंशांचा. पण सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो. म्हणजे संक्रांत चार दिवस अलीकडे! तेव्हा जुन्या पंचांगाची मकर संक्रांत १२ जानेवारीच्या आसपास यायची, केरूनानांची ८ च्या आसपास. संक्रांती सरकल्या की काही वर्षी अधिक महिनाही वेगळा पडतो, आणि अधिक महिना वेगळा पडला की गणपती-दिवाळी थेट महिनाभर पुढेमागे. तिथी मात्र बदलत नाही, हे लक्षात घ्या. वजाबाकीत दोन्हीकडचा आरंभबिंदू कटून जातो. आरंभ कुठलाही धरा, चंद्र-सूर्यातलं अंतर तेच.

म्हणजे झालं काय, की लंडनकडून घेतलेला भाग सगळ्यात कमी वादाचा ठरला. ग्रहण लागलं की कुणीही अंगणात उभं राहून तो तपासू शकत होता. भांडण उरलं ते केरूनानांनी स्वतः घेतलेल्या निर्णयावर. माझ्या मते त्यांच्या कामातला खरा अवघड भाग हाच होता. तयार गणित वापरलं म्हणून आपले निर्णय दुसरं कुणी घेऊन देत नाही.

विसाजी रघुनाथ लेले तर आणखी पुढे गेले. तारे वगैरे सोडा, सरळ वसंतसंपातापासून मोजा, असा त्यांचा आग्रह होता. याला सायन पंचांग म्हणतात. जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही त्याच बाजूचे. दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्र या ग्रंथात केरूनानांच्या कामाची नोंद घेतली आहे, आणि मतभेद असूनही त्यांनी ती आदराने घेतली.

आणखी एक सल होता. पंचांगासारखी गोष्ट लंडनच्या पुस्तकावर का अवलंबून असावी? व्यंकटेश बापूजी केतकरांनी यावर दुसरा रस्ता धरला. नव्या युरोपीय गणितावरून त्यांनी संस्कृतात ग्रंथ रचले, जेणेकरून इथला गणिती परदेशी पुस्तक न उघडता ग्रह काढू शकेल. म्हणजे पुन्हा पोर्ट. केतकर चुकले असं मी म्हणणार नाही. एखाद्या वर्षी पुस्तक आलंच नाही तर काय, ही शंका रास्त आहे. आजच्या प्रोग्रामरलाही ती सुटलेली नाही. स्विस इफेमेरिस फुकट वापरायची तर आपला कोडही खुला करावा लागतो, नाहीतर पैसे भरून परवाना घ्यायचा. हे न वाचता ॲप बाजारात आणणारे कमी नाहीत.

केरूनाना १८७९ मध्ये निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ ला वारले. वाद त्यांच्यामागे चालूच राहिला. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक त्यात उतरले, मुंबईपासून सांगलीपर्यंत ज्योतिष परिषदा भरल्या. रेवतीचा पक्ष टिळक पंचांगाच्या रूपाने टिकला. आजही काही घरांत, विशेषतः कोकणात, टिळक पंचांग पाळतात आणि त्यांची संक्रांत १० जानेवारीला होऊन जाते. बाकीचा महाराष्ट्र चित्रा ताऱ्याच्या पक्षाकडे गेला. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने कॅलेंडर सुधारणा समिती नेमली. १९५५ मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यातले अयनांश समितीचे सचिव एन. सी. लाहिरी यांच्या नावाने देशभर रूढ झाले. दाते पंचांगाची १४ जानेवारीची संक्रांत याच पक्षाची.

आणि गंमत म्हणजे, हा सगळा वाद त्या सी लायब्ररीत आहे. अयनांश कुठले धरायचे हे सांगायला तिच्यात एक वेगळं फंक्शन आहे, आणि त्याला फक्त एक नंबर द्यावा लागतो. लाहिरींचा नंबर १. रेवती ताऱ्याचा २८. पायथनमधून कॉल करताना १ दिला तर सूर्य १४ जानेवारीला मकरेत जातो. त्याच ओळीत २८ लिहिलं तर तो १० तारखेलाच तिथे पोचलेला असतो, आणि सोलापुरात त्या दिवशी नंदीध्वजांचा अजून सराव चालू असतो.